परंड्याच्या वेळेवर चाललेलं जहाज

शिवलिंगप्पांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते समुद्राला शिव्या देत होते. एका हातात पिठाची परात, दुसऱ्या हातानं दाराची चौकट घट्ट धरलेली आणि तोंडानं अर्धी मराठी, अर्धी कानडी सरबत्ती चालू. कारण एवढंच, की जहाज कलंडलं, तव्यावरची भाकरी घसरून दारात पडली आणि एक लाट आत येऊन ती उचलून घेऊन गेली.

"एक डाव नेली, म्हटलं भूक लागली असंल. पर तीन डाव? काही लाज?"

बोली ऐकून मी औषधांची पेटी हातात धरून जागीच थबकलो. मुंबई सोडून दोन दिवस झाले होते, चहूकडं पाणी होतं, आणि या पाण्यात कुणीतरी आमच्याकडचं बोलत होतं.

"आप्पा, गाव कुठलं तुमचं?"

"परंडा. तुमचं?"

"ढोकी."

त्यांनी परात खाली ठेवली आणि माझ्याकडं असं पाहिलं, की जणू मी त्यांना सोडवायलाच आलो होतो. "मग कंपाउंडर, मला एक सांगा. हे गाव कधी येतंय?"

गोष्ट अशी होती. आप्पा कुर्डुवाडी स्टेशनात एका खानावळीत भाकऱ्या करायचे. तिथं मुंबईचा एक माणूस जेवला, भाकरीवर खूश झाला आणि म्हणाला, "आमच्या गलबतावर स्वयंपाकी पाहिजे, येता का?" आप्पांना वाटलं गलबत हे गाव आहे. त्यांनी राहायची सोय विचारली, ज्वारी मिळते का विचारलं, देवपूजेला अडचण नाही ना विचारलं. सगळ्याला होकार मिळाला. गलबत कुठं आहे हे तेवढं विचारायचं राहिलं. मुंबईच्या गोदीत त्यांना फळीवरून चालत वर नेलं तेव्हाही त्यांची समजूत होती की पलीकडच्या काठाला उतरायचंय.

जहाज जुनं होतं, तीन डोलकाठ्यांचं, शिडांचं. मुंबईच्या एका कंपनीनं ते होतकरू अधिकाऱ्यांना शिकवायला ठेवलेलं. इंजिनाच्या बोटीवर हुकूम सोडण्याआधी पोरांनी वारा ओळखावा, दोर हाताळावा, म्हणून तीस जवान पोरं मॉरिशसला न्यायची आणि परत आणायची, असा बेत होता. माझ्याकडं औषधांची पेटी होती. कप्तान पारशी होते, पांढऱ्या मिशांचे, नियमांचे फार पक्के. खलाशांचा मुकादम, ज्याला जहाजावर सारंग म्हणतात, तो रत्नागिरीकडचा हसनमिया. आणि स्वयंपाकघरात आमचे शिवलिंगप्पा. जहाजावर स्वयंपाक्याला भंडारी म्हणतात. आप्पांना ते कधी आवडलं नाही. "माझं आडनाव येगळं हाय," असं ते प्रत्येकाला सांगत, आणि आडनाव मात्र सांगत नसत.

जहाजावरचा दिवस घंटेवर चालतो. दर अर्ध्या तासाला घंटा, दर चार तासांनी पाळी बदलायची. उजाडलं की पोरं अनवाणी पायांनी वाळू आणि दगड घेऊन डेक घासत. मग डोलकाठीवर चढणं, शिडं आवरणं, सोडणं, दोरांची नावं घोकणं. दुपारी सगळे यंत्र डोळ्याला लावून सूर्य मोजत. खाऱ्या पाण्यानं अंघोळ, खाऱ्या पाण्यानं कपडे धुणं. कपडे वाळले की पापडासारखे उभे राहत. प्यायचं पाणी मोजून, माणशी ठरलेलं.

यातलं काहीच आप्पांना मंजूर नव्हतं. डेक रोज घासतात हे पाहून त्यांनी सारंगला विचारलं, "खाली सगळा समुद्र असताना धुवायचं कशाला? आपसूक धुतलं जातंय की!" हसनमिया डोकं खाजवत निघून गेला. तो दोन दिवस विचारात होता. तिसऱ्या दिवशी येऊन म्हणाला, "आप्पा, पोरं रिकामी राहिली तर घरची आठवण काढतात, म्हणून."

आप्पा म्हणाले, "हे आधी सांगायचं. मग बरोबर हाय."

तिथून दोघांची मैत्री जमली. हसनमिया मासे खाणारा, आप्पा लिंगायत, मासा दिसला तरी तोंड फिरवणारे. पण सकाळी आप्पा जहाजाच्या पुढच्या टोकाला, नाळेशी बसून डाव्या तळहातावर लिंग घेऊन पूजा करत, तेव्हा तिथून मासे नेणाऱ्या खलाशाला हसनमिया लांबून वळसा घ्यायला लावी.

आणि आप्पांचं घड्याळ. खिशातलं, जाडजूड, स्टेशनवरच्या एका गार्डाकडून घेतलेलं. ते कुर्डुवाडीच्या मोठ्या घड्याळाबरोबर लावलेलं होतं, आणि त्याचे काटे फिरवायला आप्पा तयार नव्हते. आम्ही पश्चिमेला सरकू लागलो तसं चार-आठ दिवसांनी जहाजावरची सगळी घड्याळं मागं घेतली जात. हुकूम स्वयंपाकघरातही आला.

आप्पा कप्तानापुढं उभे राहिले. "साहेब, काटं मागं घ्यायला दिवस काय आपल्या मालकीचा हाय? परंड्यात आत्ता साडेअकरा झालेत. झालेत म्हंजे झालेत."

"ए आप्पा, तू माझा जहाजवर हाय का परंडामधी?"

"मी हितं हाय साहेब. येळ तिकडं हाय."

कप्तानांनी हुकूम परत वाचून दाखवला. आप्पांनी मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी परंड्याच्या बाराला जेवण वाढलं. जहाजाचे तेव्हा अकरासुद्धा झाले नव्हते. पोरं दोर-शिडं सोडून ताटावर बसली. चार दिवस भांडण चाललं. शेवटी कप्तानांनी स्वयंपाकघराच्या दारावर खडूनं रेघ मारली, आत परंड्याची वेळ, बाहेर जहाजाची, आणि दोन्हींचा मेळ घालायला एका पोराची रोज नेमणूक केली.

मग आप्पांना ऊत आला. कणीक मळता मळता ते घड्याळ काढत आणि परंड्यातल्या बातम्या देत. "कचेरी उघडली." "शाळा सुटली." चारच्या सुमाराला म्हणत, "कुर्डुवाडीची मोटार आली." कधी घड्याळाकडं बघून चिडत, "आज पुन्ना उशीर! डायवर चहाला थांबला असणार." हजार मैलांवरून त्यांनी त्या ड्रायव्हरला जेवढं बोलून घेतलं, तेवढं समोर कुणी बोललं नसेल. कधी काटा सहावर आला की मात्र त्यांचे हात कणकेत थांबत. एकदा मी विचारलं तेव्हा म्हणाले, "गंगू आत्ता दारात येऊन बसती." गंगू त्यांची पाच वर्षांची मुलगी. संध्याकाळच्या मोटारीतून बाप उतरतो का ते पाहायला ती बसे, असं बायकोनं पत्रात कळवलं होतं. ते पत्र मॉरिशसला मिळालं. त्यात आणखी एक ओळ होती, गावात वातावरण चांगलं नाही, लवकर या.

परतीच्या वाटेवर घड्याळाचा खरा प्रसंग घडला. जहाजावर एक खास घड्याळ असतं, लाकडी पेटीत जपून ठेवलेलं. ते घरची वेळ दाखवतं. सूर्य डोक्यावर आला की जहाजावर बारा वाजले. त्याच क्षणी घरी किती वाजलेत हे कळलं, की आपण घरापासून किती पूर्वेला-पश्चिमेला आहोत ते निघतं. त्या घड्याळाला रोज किल्ली द्यावी लागते. ज्या पोराची पाळी होती तो वांत्यांनी आडवा झाला होता, माझंच औषध घेऊन झोपला होता, आणि घड्याळ बंद पडलं. बिनतारी यंत्र तर मॉरिशस सोडताच भिजून मुकं झालेलं. आम्ही कुठं आहोत हे सांगणारं काहीच उरलं नाही.

कप्तानांनी पेटीचं झाकण लावलं. मग उठले, टोपी घातली, आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन अतिशय अदबीनं म्हणाले, "आप्पा, तुमच्या परंडामधी आत्ता किती वाजले?"

अहो-जाहो ऐकून आप्पा गांगरले. "का साहेब? कुणी यायचंय का?"

प्रकार समजावल्यावर त्यांनी घड्याळ काढलं आणि म्हणाले, "पर साहेब, खोटं कशाला बोलू? हे रोज पाव मिन्ट पुढं पळतंय. तीन वर्सं स्टेशनातल्या घड्याळासंगं ताडून बघितलंय. रोज पाव मिन्ट. कमी न्हाय, जास्त न्हाय."

कप्तानांनी त्यांना मिठी मारली. पांढऱ्या गणवेशाला पीठ लागलं, त्याची त्यांना शुद्ध नव्हती. रोज तेवढंच चुकणाऱ्या घड्याळाची चूक वजा करता येते, हे त्यांनी आम्हाला नंतर सांगितलं. तेव्हापासून रोज दुपारी तीस पोरं सूर्य मोजत, आणि एक पोरगा स्वयंपाकघरातून ओरडून परंड्याची वेळ सांगे. आप्पा मात्र घड्याळ कुणाच्या हातात देत नसत. स्वतःच ते धरून उभे राहत, पोरानं फक्त बघायचं.

मग वारा पडला.

विषुववृत्ताच्या आसपास समुद्र तेलासारखा होतो हे मी ऐकलं होतं. पण जहाज दिवसचे दिवस एकाच जागी उभं राहतं आणि टाकलेली भाजीची सालं दुसऱ्या दिवशी तिथंच, बाजूला तरंगत असतात, हे पाहिल्यावर माणसाचं डोकं फिरतं. शिडं मेलेल्या कोंबडीच्या पंखांसारखी लोंबत होती. पाण्याचा वाटा निम्मा केला, मग पाव. पोरं क्षुल्लक कारणावरून एकमेकांच्या अंगावर जाऊ लागली. एकाला ताप चढला आणि उतरेना. माझ्या पेटीतली औषधं त्याच्यापुढं हरली होती. त्याला हवं होतं ते पाणी. तिसऱ्या दिवशी मला दिसलं, त्याच्या उशाशी वाटीभर पाणी रोज कुठून तरी येतंय. आप्पा आपल्या वाट्यातलं एक पळीभर पाणी लिंगाला घालत आणि बाकीचं तिथं ठेवून जात. स्वतः भाकरीच्या पिठाचे ओले हात चाटत.

मी रागावलो. "आप्पा, तुम्ही पडलात तर तीस माणसांना कोण जेवू घालील?"

"न्हाय पडायचो. आमच्याकडं उन्हाळ्यात असंच तर असतंय. फकस्त तिकडं पाणी दिसत न्हाय, हितं दिसतंय."

पोरगा वाचला. आणि त्याच तेलकट समुद्रात तो दिवस आला. आम्हाला तारीख आधीच ठाऊक होती. कंपनीनं कप्तानाजवळ मोहोरबंद पाकीट दिलेलं होतं. सकाळी सगळे खाऱ्या पाण्यानं अंघोळ करून, कडक वाळलेले गणवेश घालून डेकवर रांगेत उभे राहिले. कप्तानांनी पाकीट फोडलं. आत तिरंगी निशाण होतं आणि एक कागद. तो त्यांनी मोठ्यानं वाचला. आजपासून देश स्वतंत्र, हिंदी प्रजाजनांनी नव्या निशाणाला सलामी द्यावी आणि हजेरीपटावर सही करावी.

मी हात वर न्यायच्या तयारीत होतो, तेवढ्यात आप्पांनी विचारलं, "साहेब, मग आमचं कसं?"

"तुमचा काय?"

"मी अन् कंपाउंडर निजामाच्या मुलखातलं. तिकडनं तर काय आल्यालं न्हाय."

मला आप्पांना तिथल्या तिथं समुद्रात ढकलावंसं वाटलं. गप्प उभे राहिलो असतो तर कुणाला कळणार होतं? पण कप्तान नियमाचे. त्यांनी कागद पुन्हा वाचला, उलटा करून पाहिला, मिशी ओढली. "हैदराबाद अजून आत नाय आला. बरोबर. तर तुम्ही दोघे सलामी नाय देऊ शकते."

"मग आमी बाजूला हुतो. पर बाजूला म्हंजे कुठं, साहेब? जहाज तर सगळं तुमचंच."

कप्तानांनी चारी बाजूंना पाहिलं. खरंच, दुसरी जागा नव्हती. बराच विचार करून त्यांनी स्वयंपाकघराकडं बोट दाखवलं. "रेघेच्या आतमधी. तो सध्या तुमचा मुलूख."

असे आम्ही दोघं, चार हात लांब आणि दोन हात रुंद मुलखात, तव्याशेजारी उभे राहिलो. बाहेर निशाण वर चढलं. आणि वर जाऊन ओल्या पंच्यासारखं काठीला चिकटून लोंबत राहिलं. वारा कुठं होता? कप्तान सलामीच्या पवित्र्यात ताठ. नियम असा, की निशाण फडकलं की सलामी. ते फडकेना. पोरांच्या कपाळावरून घाम गळत होता. कुणी हलेना.

"फडकंना की," आप्पा कुजबुजले. मग जरा मोठ्यानं, "फडकंना!" मग त्यांना राहवेना. चुलीला वारा घालायचा ताडाचा पंखा त्यांनी उचलला, रेघेच्या आत पाय ठेवूनच हात बाहेर काढला, आणि हसनमियाला हाक मारली, "सारंग, वर न्या ह्यो! घाला वारा!"

हसनमियानं कप्तानाकडं पाहिलं. कप्तानांनी डोळ्यांनीच होकार दिला. चाळिशी उलटलेला तो माणूस पंखा दातांत धरून डोलकाठीवर चढला आणि निशाणाला वारा घालू लागला. आधी एक टोक हललं. मग पट्टा सुटला. आणि दोन-तीन श्वास, पुरते दोन-तीन श्वास, ते सगळं उलगडलं. कप्तान ओरडले, "सलामी!" तीस हात एकदम वर गेले.

मी शेजारी पाहिलं. आप्पांचाही हात वर होता. पिठाचा हात, कपाळावर पांढरा ठसा उमटलेला.

"आप्पा, आपल्याला मनाई आहे ना?"

ते हात खाली न घेताच म्हणाले, "गेला तर काय करू? त्याला कुठं ठावं, कोण कुठल्या मुलखात हाय."

मग मीही हात वर नेला. कप्तानांनी ते पाहिलं आणि मान दुसरीकडं फिरवली. त्या माणसानं आयुष्यात मोडलेला तो बहुतेक एकच नियम असावा.

वारा आणखी सहा दिवसांनी आला. परंड्याच्या वेळेवरून कप्तानांनी हिशेब काढून सांगितलं होतं, की अमुक सकाळी मुंबईबाहेरचं दीपगृह दिसेल. ते दुपारी दिसलं. पोरांनी आप्पांना खांद्यावर घेतलं. गणपती बसायच्या आदल्या दिवशी आम्ही गोदीला लागलो.

कंपनीच्या कचेरीत आप्पांच्या नावाची तीन पत्रं पडली होती. मीच ती वाचून दाखवली. रझाकारांचा उपद्रव वाढला होता, लोक गाव सोडत होते, बायकोला एकटीला पोरीसकट निघता येत नव्हतं. तिसऱ्या पत्रात फक्त "या" एवढंच होतं, बाकी कागद कोरा. माझी माणसं सोलापुरात मामांकडं पोचल्याचं मला कळलं होतं, पण आप्पांचं तिकडं कुणी नव्हतं. ते पत्रं खिशात घालून उठले. तेव्हा हसनमिया म्हणाला, "आप्पा, मी येतो. माझी दाढी बघून वाटेत सोडतील."

"तुमी कशाला? तुमाला बोटीवर जायचंय."

"बोट कुठं पळते? वारा नाही तोवर सगळं जागेवर."

पुढचं मी पाहिलं नाही, पण दोघांनी वेगवेगळं सांगितलेलं ऐकलं आहे, आणि गंमत म्हणजे ते जुळतं. वादळात कधी न डगमगलेला हसनमिया कुर्डुवाडीहून निघालेल्या मोटारीत ओकून ओकून पिवळा पडला. जमीन इतका वेळ हलते हे त्याला सहन होईना. सरहद्दीच्या नाक्यावर मोटार थांबली, पुढं जाणार नव्हती. नाकेदारानं दरडावून विचारलं, कुठं? हसनमिया बांधावर बसूनच म्हणाला, "हा माझा भंडारी. याच्या बायकोपोरीला न्यायला आलोय. जहाज खोळंबलंय."

"जहाज? इथं कुठं?"

"मागं उभं आहे."

नाकेदारानं मागं वळून माळाकडं पाहिलं. मग त्यानं आपलं दफ्तर उघडलं. जहाजाबद्दल काय करायचं ते त्यात काही लिहिलेलं नव्हतं. त्यानं त्यांना जाऊ दिलं. तीन दिवसांनी दोघं बैलगाडीत आप्पांच्या बायकोला, पार्वतीवहिनींना, आणि गंगूला घेऊन परत आले तेव्हा त्यानं काळजीनं विचारलं म्हणे, "गेलं का हो तुमचं जहाज?"

"न्हाय, वाट बघतंय," आप्पा म्हणाले, आणि गाडी निघाली. घर, जनावरं, भांडी, सगळं मागं राहिलं.

पुढं महिन्याभरानं मी बार्शीला गेलो. तिथं गाव सोडून आलेल्यांची छावणी पडली होती. आप्पा तिथंच स्वयंपाकाला लागले होते. माळावर तीन चुलाणी पेटलेली, मोठ्या कढईत डाळ, आणि समोर माणसांची लांबच लांब रांग. मला पाहताच त्यांनी डाव खाली न ठेवताच मिठी मारली. गंगू त्यांच्या धोतराचा सोगा धरून उभी होती. तो तिनं सोडला नाही, मिठीतसुद्धा.

पार्वतीवहिनींनी मला बाजूला बोलावलं. "भावजी, तुमाला शिवाची आण हाय, खरं सांगा. हे समुद्रावर व्हते का? का पुन्याला खानावळीत?"

"समुद्रावर होते, वहिनी. मी सोबतच होतो."

"सारंगभावजीबी असंच म्हनले. तुमी सगळी एक हायसा." मग जरा थांबून म्हणाल्या, "बरं, व्हते तर व्हते. पर केवढा असतो तो? आपल्या तळ्याएवढा?"

आप्पांनी ते ऐकलं. कढईपासून चार पावलं बाजूला, मोकळ्या माळावर आले. बायकोला जवळ बोलावलं. डाव असलेला हात लांब केला आणि माळाच्या एका टोकाला क्षितिजावर टेकवला. मग तसाच हात धरून हळूहळू वळू लागले. पार्वतीवहिनींनी डोळ्यांवर पदराचा आडोसा धरला आणि त्याही त्यांच्याबरोबर वळू लागल्या, तो हात जाईल तिकडं बघत. सोग्याला धरून गंगूही फिरली. डाळीचे थेंब मातीत पडत एक मोठं वर्तुळ उमटत होतं.

माझी गाडी सुटायची वेळ झाली होती. मी निघालो. वळून पाहिलं तेव्हा त्यांची एक फेरी पूर्ण झाली होती, आणि वहिनींनी मान हलवून काहीतरी म्हटलं, आणि आप्पा पुन्हा पहिल्यापासून फिरू लागले. तिकडं चुलाण्यापाशी सगळी रांग थाळ्या हातात धरून, मुकाट, वाट बघत उभी होती.